सोक पिटसाठी जागा पारखताना: गोव्यातल्या जमिनीची तपासणी, पायरीपायरीने

घराचा प्लॅन काढताना तुळशीची जागा, गाडी कुठे लावायची, बाल्काव किती मोठा, हे सगळं आधी ठरतं. सेप्टिक टँकच्या वाट्याला उरलेला कोपरा येतो. पणजी, मडगाव, वास्को अशा शहरांच्या काही भागांत सांडपाण्याची वाहिनी आहे. गावात मात्र घरातलं सांडपाणी घराच्याच जमिनीत मुरवावं लागतं. त्याच जमिनीतून आपली आणि शेजाऱ्याची विहीर भरत असते. म्हणून हा कोपरा आधी शोधायचा आणि घराची आखणी त्यानंतर करायची.

गवंड्याची कसोटी एकच असते: खड्डा पाणी पितो की नाही. गोव्यात ती अपुरी आहे. जांभा पाणी पितोच, कधीकधी हपापल्यासारखा पितो. विचारायचं ते हे, की प्यालेलं पाणी जातं कुठे आणि ऑगस्टमध्येही जमीन पाणी पिते का.

हे का विचारायचं ते थोडक्यात सांगतो. सेप्टिक टँक पाणी शुद्ध करत नाही. ती गाळ खाली बसवते, तेलकट साय वर अडवते आणि मधलं पाणी पुढे सोडते. त्या पाण्यात रोगजंतू भरपूर असतात. ते मरतात किंवा अडकतात ते पुढच्या मातीत, तेही मातीच्या कणांमध्ये हवा असेल तर. सोक पिटचा, म्हणजे टँकमधलं पाणी मुरवायच्या खड्ड्याचा, तळ पाण्यात बुडाला, किंवा पाणी मातीऐवजी दगडाच्या फटीतून वाहू लागलं, तर शुद्धीकरण होतच नाही.

आधी टेप घेऊन फिरा

सर्व्हे प्लॅनची प्रत घ्या, प्लॉटच्या हद्दीपासून चारही बाजूंना निदान ३० मीटर फिरा आणि दिसेल ते प्लॅनवर मांडा: चालू विहिरी, बुजत आलेल्या विहिरी, बोअरवेल, झरी, व्हाळ (ओढा), तळी, रस्त्यासाठी तासलेला डोंगर, चिऱ्यांची जुनी खाण. शेजाऱ्याची विहीर कुंपणाच्या भिंतीमागे असते म्हणून सुटते. विचारल्याशिवाय ती प्लॅनवर येत नाही.

सेप्टिक टँकविषयीच्या भारतीय मानक आयएस २४७० नुसार पाणी मुरवण्याची जागा पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून किमान ६ मीटर दूर हवी. भेगाळलेल्या खडकात ही पद्धत हे मानक सुचवतच नाही. पंचायत किंवा आरोग्य खात्याच्या परवानगीत आणखी अंतर सांगितलं असेल तर तेच धरा. आमच्या मते जांभ्यात ३० मीटर राखावेत आणि मुरवण्याची जागा विहिरीच्या उताराकडच्या अंगाला असावी. वरच्या अंगाला असेल तर ३० मीटरवरही निर्धास्त होऊ नये.

आता ४०० चौरस मीटरचा, २० बाय २० चा प्लॉट घ्या. त्याचा कर्ण सुमारे २८ मीटर. एका कोपऱ्यात विहीर, समोरच्या कोपऱ्यात सोक पिट आणि मध्ये घर असं बसवलं तर १८ मीटर कसेबसे निघतात. पण शेजारच्या चारही प्लॉटवाल्यांनी हेच केलं तर प्रत्येकाची विहीर दुसऱ्याच्या सोक पिटला चिकटते. इतक्या लहान प्लॉटमध्ये नळाचं पाणी घ्यावं आणि पिण्यासाठी विहिरीचा नाद सोडावा, हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

जमीन कोणत्या जातीची

सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, वरचा जांभा कडक कवचासारखा असतो. माती वीतभर, कुठे तीही नाही. आत नळ्यांसारखी पोकळ भोकं आणि भेगा असतात. कडक जांभ्याखाली तो मऊ होत जातो आणि त्याखाली बहुतेक ठिकाणी पिवळी-पांढरी, साबणासारखी चिकणमाती लागते. पाणी वरून झरझर उतरतं, या चिकणमातीवर अडतं आणि आडवं वाहू लागतं. उताराच्या पायथ्याशी झरी फुटते ती नेमकी इथे. सड्यावर सोडलेलं सांडपाणीही त्याच वाटेने जातं.

उताराची मोरड जमीन मातीच्या जाडीवर ठरते. एक मीटरच्या वर लाल, थोडी खडेरी माती असेल तर गोव्यात याहून चांगली जागा मिळणं कठीण. उतार साधारण १५ टक्क्यांच्या वर, म्हणजे १० मीटरला दीड मीटरहून जास्त असेल तर टाळा. खाली डोंगर तासलेला असेल तर तासलेल्या कडेपासून १५ मीटर मागे राहा. नाहीतर पावसात चिऱ्यांच्या भिंतीतून काळपट पाणी झिरपताना दिसेल.

खेर जमीन आणि मांद्रे, कळंगुट, कोलवा, बाणावलीसारखा किनारपट्टा रेतीचा. इथे अडचण नेमकी उलटी: मुरणं झटपट, पण भूजल हाताशी. खोल खड्डा इथे घातकच. उथळ किंवा जमिनीवर उंचावलेला चर, म्हणजे खडी आणि पाइप घातलेली लांब अरुंद खाच, एवढाच चालतो.

खाजन जमीन सोडा. मानशीच्या (भरतीचं पाणी अडवणाऱ्या झडपेच्या) आतली, भरतीच्या पाण्याशी जोडलेली चिखलट माती वर्षभर ओली असते. भराव टाकून उंच केली तरी खालचं पाणी तिथेच राहतं. शिवाय किनारी नियमनाचा प्रश्न वेगळाच. कुळागरातही तेच: पाटाचं पाणी दिलेल्या पोफळींखालची जमीन उन्हाळ्यातही कोरडी नसते.

ऑगस्टचं पाणी किती वर येतं

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. मार्चमध्ये ६ मीटर खाली गेलेलं विहिरीचं पाणी श्रावणात हाताशी येतं. मार्चमध्ये केलेली तपासणी म्हणूनच खोटी आशा दाखवते, आणि बांधकामाचा हंगाम नेमका मार्चचा असतो.

जमल्यास जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये जवळच्या दोन-तीन विहिरी मोजा. दोरीला वजन बांधून कठड्याच्या माथ्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर घ्या आणि त्यातून कठड्याची उंची वजा करा. उन्हाळ्यात तपासणी करायची वेळ आलीच तर विहिरीच्या आत पाहा. चिऱ्यांच्या बांधणीवर एका रेघेपर्यंत शेवाळाचे सुकलेले डाग दिसतात. पावसातलं पाणी साधारण तिथवर चढतं. घरातल्या जाणत्या बाईला विचारा, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुमाराला घागर भरायला किती दोर सोडावा लागतो. हा आकडा बहुधा अचूक निघतो.

मग पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी लेव्हल काढतात त्या पद्धतीने विहिरीजवळची जमीन आणि तुमची जागा यांच्यातला उंचीचा फरक काढा. समजा जागा १.४ मीटर उंच आहे आणि ऑगस्टमध्ये विहिरीचं पाणी तिथल्या जमिनीपासून २.१ मीटर खाली आहे. दोन्ही जोडून ३.५ मीटर धरू नका. जमिनीखालचं पाणी सपाट नसतं, जमिनीच्या चढाबरोबर तेही चढतं. फरकाचा अर्धाच भाग जमेस धरा: २.१ अधिक ०.७, म्हणजे २.८ मीटर. पुढचा हिशोब याच आकड्यावर.

मुरवण्याच्या जागेचा तळ आणि हे पाणी यांत निदान दीड मीटर कोरडी माती हवी, दोन असेल तर उत्तम. आयएस २४७० नुसार भूजल जमिनीपासून १.८ मीटरच्या आत येत असेल तर सोक पिट बाद. चर अंशतः किंवा पूर्णपणे जमिनीच्या वर, मातीच्या उंचवट्यात करावा लागतो.

पाहणीचा खड्डा

मुरवायच्या जागेपासून ३–४ मीटर बाजूला एक मीटर रुंद, दीड मीटर लांब, अडीच मीटर खोल खड्डा घ्या. नेमक्या जागेवर घेऊ नका, तिथली माती विस्कटते. रेतीत किंवा भरावात मीटरभराच्या खाली माणूस उतरवू नका. कडा न सांगता ढासळतात. माती वर काढून पाहा.

प्रत्येक थराची खोली लिहा. ओली माती मुठीत दाबा: लगेच विस्कटली तर रेताड, गोळा झाला पण वळताना तुटला तर मध्यम, तळहातावर काडीएवढी बारीक वळी निघून तिचं कडं वळता आलं तर चिकण. चिकण थर दोन मीटरच्या आत लागला तर पाणी त्यावर अडून आडवं जाणार हे धरूनच चाला.

इथे एक सापळा आहे. इतर प्रदेशांतल्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की मातीत तांबडे-पिवळे-करडे ठिपके दिसले तर पाणी हंगामात तिथवर चढतं. जांभ्याखालचा थर मुळातच असा ठिपकेदार असतो. तो दगड बनतानाचा हा रंग आहे, आजच्या पाण्याचा नव्हे. गोव्यात ठिपक्यांवर विसंबू नका, विहिरीवर विसंबा. मुळं मात्र बघण्यासारखी असतात: जिवंत बारीक मुळं जिथवर पोचतात, तिथवर हवा नक्की आहे.

मुरण्याची चाचणी

साहित्य: पहार किंवा ऑगर, मोजपट्टी, खिळा, १०० लिटर पाणी, धुतलेली बारीक खडी एक घमेलं, घड्याळ.

जागेच्या तीन कोपऱ्यांत तीन खड्डे घ्या. १० ते ३० सेंटिमीटर रुंद, उभ्या कडांचे, आणि पुढे चर जितका खोल करणार तितकेच खोल, म्हणजे साधारण ७५ सेंटिमीटर. पहारीने कडा गुळगुळीत होतात. खिळ्याने त्या खरवडा, सुटी माती काढा, तळाला ५ सेंटिमीटर खडी पसरा. खडीवर ३० सेंटिमीटर पाणी भरून रात्रभर मुरू द्या. ही रात्र कोणी वगळतं आणि मग कोरडी माती पाणी शोषते त्यालाच मुरणं समजून बसतं. उन्हाळ्यात दोन रात्री भिजवा.

सकाळी पाणी शिल्लक असेल तर ते खडीवर १५ सेंटिमीटरवर आणा आणि ३० मिनिटांत किती उतरलं ते मोजा. शिल्लक नसेल तर १५ सेंटिमीटरपर्यंत भरा आणि दर ३० मिनिटांनी मोजत, लागेल तसं पुन्हा भरत ४ तास चालू ठेवा. शेवटच्या ३० मिनिटांची घट घ्या. रेतीत पाणी अर्ध्या तासाच्या आत संपत असेल तर दर १० मिनिटांनी, एक तास. मोजमाप नेहमी काठावर आडव्या ठेवलेल्या एकाच पट्टीपासून.

आता पाणी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागली ते काढा. शेवटच्या ३० मिनिटांत ६२ मिलिमीटर उतरलं असेल तर ३० गुणिले २५ भागिले ६२, म्हणजे साधारण १२ मिनिटं. निकाल असा वाचतात:

- ३० मिनिटांपर्यंत: सोक पिट किंवा चर, दोन्ही चालतील (भूजल खोल असेल तर).
- ३० ते ६० मिनिटं: फक्त चर.
- ६० च्या वर: जमिनीत मुरवणं शक्य नाही, वेगळी व्यवस्था हवी.

चौथी ओळ गोव्यासाठी आमची: जांभ्यात एक मिनिटाच्या आत पाणी गडप झालं तर ती जागा नापास. तुमचा खड्डा पोकळीवर बसला आहे आणि ती पोकळी कोणाच्या विहिरीत उघडते हे वरून दिसत नाही. तिन्ही खड्ड्यांत मोठा फरक आला तर आकारमानासाठी सर्वांत सावकाश मुरणारा खड्डा धरा, धोक्यासाठी सर्वांत वेगवान.

किती जागा लागेल

एका चौरस मीटरवर दिवसाला किती लिटर सोडता येतं याचं सूत्र आयएस २४७० मध्येच आहे: २०४ भागिले मिनिटांचं वर्गमूळ. १२ मिनिटांना ५९ लिटर.

घरात ६ माणसं, सगळं सांडपाणी एकत्र धरून माणशी १२० लिटर, म्हणजे दिवसाला ७२० लिटर. ७२० भागिले ५९, म्हणजे १२.२ चौरस मीटर. सोक पिट केला तर इनलेटखालच्या (पाणी आत येतं त्या पाइपखालच्या) बाजूच्या भिंतींचंच क्षेत्रफळ मोजायचं, तळ धरायचा नाही, कारण तळ गाळाने लवकर बुजतो. दीड मीटर बाहेरच्या व्यासाच्या खड्ड्याला दर मीटर खोलीमागे ४.७ चौरस मीटर मिळतात. एकूण २.६ मीटर खोली लागेल, किंवा दोन खड्डे प्रत्येकी १.३ मीटरचे. इनलेट जमिनीपासून ६० सेंटिमीटर खाली असेल तर दोन खड्ड्यांचाही तळ १.९ मीटरवर जातो. आपलं ऑगस्टचं पाणी २.८ मीटरवर. मध्ये फक्त ९० सेंटिमीटर कोरडी माती. म्हणजे चाचणी १२ मिनिटांनी छान पास झाली तरी या जागी सोक पिट बसत नाही.

चर बसतो. चरात मात्र तळाचं क्षेत्रफळ धरतात. ६० सेंटिमीटर रुंद, ७५ खोल, एकूण साधारण २० मीटर. १० मीटरचे दोन, मध्ये २ मीटर अंतर. तळ आणि पाण्यात दोन मीटर राहतात. उतारावर चर समपातळीत, उताराला आडवे घ्या. एवढीच आणखी जागा भविष्यासाठी मोकळी ठेवा: तिथे गाडी नको, बांधकाम नको, माडही नको.

आता चवथ. मूळ घर असेल तर सगळे भाऊबंद जमून ६ माणसांच्या घरात २० होतात, दिवसाला २४०० लिटर, आणि तेही भाद्रपदात, जमीन सर्वांत भरलेली असताना. पाच दिवसांसाठी तिप्पट चर खोदणं परवडत नाही. त्यापेक्षा टँक मोठी घ्या आणि चरांचे दोन संच करा. वाटप चेंबरमध्ये (टँकचं पाणी चरांत वाटणाऱ्या छोट्या टाकीत) बूच बसवून एरवी एक संच सहा महिने विश्रांतीला ठेवा आणि चवथीला दोन्ही उघडा. विश्रांतीने माती पुन्हा मोकळी होते, हा वेगळाच फायदा.

न्हाणीचं पाणी माडाच्या मुळात सोडायची जुनी रीत तपासणीच्या दृष्टीनेही शहाणपणाची आहे: टँकवरचा बोजा बराच उतरतो. विहिरीच्या बाजूचा माड तेवढा सोडून. स्वयंपाकघराचं पाणी मात्र तेल अडवणाऱ्या छोट्या चेंबरमधून न्या. नारळाचा चोथा, खवलं आणि खोबरेल तेल चर बुजवायला पुरेसं असतं.

टँकसाठी जागेची वेगळी अट

टँकला मुरायची जमीन लागत नाही, घट्ट जमीन लागते. १० माणसांसाठी आणि तीन वर्षांनी गाळ उपसायचा धरून मानकातलं माप: आतून २ मीटर लांब, ९० सेंटिमीटर रुंद, पाण्याची खोली १.४ मीटर, वर ३० सेंटिमीटर मोकळी. वरच्या उदाहरणातल्या ६ माणसांच्या घराला हेच घ्या. लांबीच्या दोन-तृतीयांशावर मधली भिंत; आउटलेट इनलेटपेक्षा ५० मिलिमीटर खाली.

नुसत्या चिऱ्यांची टँक गळते. चिरा स्वतःच सच्छिद्र आहे. आतून-बाहेरून वॉटरप्रूफ प्लास्टर हवं, तळाला काँक्रीट हवंच. पाण्याने भरून एक दिवस भिजू द्या, पुन्हा काठोकाठ भरा आणि दुसऱ्या दिवशी पातळी पाहा. घट दिसली तर पुढचं काम थांबवा.

तयार प्लास्टिकची टँक किनारपट्टीवर घेत असाल तर ती तरंगते हे ध्यानात धरा. २००० लिटरची रिकामी टँक पूर्ण पाण्यात असेल तर तिला खाली धरायला जवळपास २ टन वजन लागतं. काँक्रीटच्या तळाला पट्ट्यांनी बांधा आणि पावसाळ्यात उपसू नका. टँकर मे महिन्याच्या आधी बोलवा, म्हणजे रस्त्यापासून होज पोचेल अशीच जागा निवडा. आत माणूस उतरवायचा नाही: विषारी वायूने क्षणात जीव जातो, आणि २०१३ च्या कायद्याने असं धोकादायक सफाईकाम करून घेण्यावर बंदी आहे.

चर खोदताना काय बिघडतं

जेसीबीची बादली ओल्या चिकण मातीला लिंपल्यासारखी गुळगुळीत करते. १२ मिनिटांची जमीन मग ५० ची होते. शेवटचे १५ सेंटिमीटर हाताने खोदा, तळ आणि कडा दाताळ्याने खरवडा, पाऊस चालू असताना खोदू नका. खडी धुऊन घ्या. क्रशरची भुकटी तळाशी जाऊन थर धरते. पाइपच्या भोवती खडी भरून वर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), मग माती, आणि ती जमिनीपेक्षा १५ सेंटिमीटर उंच, म्हणजे पावसाचं पाणी साचत नाही. छपराच्या पन्हळीचं पाणी चराकडे येत असेल तर वरच्या अंगाला छोटा नाला काढून वळवा. गोव्यात 'सोक पिट भरला' अशी तक्रार आली की आधी पन्हळ बघावी.

रेतीत किंवा वेगाने पिणाऱ्या जांभ्यात चराच्या तळाला आणि बाजूंना ५० सेंटिमीटर बारीक धुतलेल्या वाळूचं अस्तर द्या. समुद्रकिनाऱ्याची वाळू चालत नाही.

जागा नापास झाली तर

भूजल अगदी वर असेल तर उंचवट्यातला चर हा पहिला पर्याय. तोही बसत नसेल, किंवा मुरायला ६० मिनिटांहून जास्त लागत असतील, तर टँकनंतर खालून वर वाहणारी खडीची फिल्टर टाकी आणि त्यापुढे कर्दळ लावलेला खडीचा वाफा. त्यातलं पाणी फुलझाडांना, भाजीला नाही. अगदीच अडलं तर बंद टाकी आणि टँकर. महिन्याचा खर्च वाढतो, पण शेजाऱ्याची विहीर वाचते. गवंडी सुचवतो तो उपाय, 'आणखी खोल जाऊ, पिणारा थर लागेल', तेवढा करू नका. मार्चमध्ये खोल लागलेला पिणारा थर म्हणजे बहुधा ऑगस्टचं भूजल.

पंचायतीच्या बांधकाम परवान्यासोबत आरोग्य केंद्राचा ना हरकत दाखला लागतो. तिथे नुसता प्लॅन देण्यापेक्षा विहिरींची अंतरं, ऑगस्टची पातळी, तिन्ही खड्ड्यांचे आकडे एका कागदावर मांडून द्या. आणि टँक वापरात घ्यायच्या आधी स्वतःच्या आणि जवळच्या विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासून अहवाल ठेवा. पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय एकही सापडू नये आणि नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवं. पहिल्या पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये त्याच विहिरीचा नमुना पुन्हा द्या आणि दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचा.